पावसात मंदावणारं टर्नटेबल: वेंगुर्ल्यातल्या एका नायलॉन बुशचं प्रकरण

वेंगुर्ल्यातल्या एका घरात सत्तरच्या दशकातलं जर्मन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, आहे. घरातले थोरले भाऊ बोटीवर होते, त्यांनी ते परदेशातून आणलेलं. दोनशेवीस व्होल्ट, पन्नास हर्ट्झ, त्यामुळे इथल्या विजेवर थेट चालणारं. बेल्टवर फिरतं, मोटार सिंक्रोनस आहे, आणि रेकॉर्ड संपली की टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आपोआप जागेवर परततो. कंपनी आणि मॉडेल इथे देत नाही, कारण दोष मूळ यंत्राचा नव्हता. तो नंतरच्या दुरुस्तीतून आला होता, आणि ती दुरुस्तीही कुणी निष्काळजीपणे केलेली नव्हती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. समुद्राकाठी जुनी यंत्रं सांभाळणाऱ्या कुणाच्याही वाट्याला ते येऊ शकतं.

तक्रार अशी: मिरगाचा पाऊस लागून महिना-दीड महिना झाला की यंत्र हळू फिरायला लागतं. ज्यांच्याकडे ते आहे ते काका भजनाला पेटी वाजवतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "झिला, पावसात ह्यां आळसावता. दिवाळीक आपोआप सुधारता."

पेटीवाल्याचा कान असल्यामुळे तक्रार मोघम राहिली नाही. नाट्यसंगीताच्या एका एलपीवर गायकाची पट्टी काळी एक आहे. उन्हाळ्यात ती पेटीशी तंतोतंत जुळते. श्रावणात तोच गायक पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधोमध गायला लागतो, आणि लांब धरलेला सूर किंचित हलतो. दमट हवेने पेटीच उतरली असेल ही शंका फोनवरच्या ट्यूनरने फेडली. पेटी जागेवर होती. लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये वेगाचा फरक सुमारे सहा टक्क्यांचा असतो, म्हणजे अर्धी पट्टी उतरली तर यंत्र तीन टक्के हळू चाललंय. नुसत्या कानाने इतकं नेमकं निदान हाती येतं तेव्हा पुढचं काम अर्ध्यावर येतं.

वेग मोजायची सोय

वेग तपासायची रेघांची तबकडी, म्हणजे स्ट्रोब तबकडी, कागदावर छापून घेता येते. पन्नास हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांच्या वेगासाठी तिच्या कडेला १८० रेघा लागतात. परदेशी तबकड्यांवर २१६ रेघांचं वर्तुळ असतं, ते साठ हर्ट्झसाठी, आपल्या उपयोगाचं नाही. दिवा मात्र लुकलुकणारा हवा. हल्लीचे बरेचसे चांगले एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, मग रेघा नुसत्या धूसर दिसतात. एक्स्टेन्शन बोर्डावरचा छोटा लाल निऑन दिवा सेकंदाला शंभर वेळा पेटतो. खोलीत अंधार करून तो तबकडीजवळ धरला की झालं. वेग बरोबर असेल तर रेघा उभ्या दिसतात. मागे सरकत असतील तर सेकंदाला जितक्या रेघा सरकतील तितके टक्के यंत्र हळू, कारण शंभर लुकलुकींमागे शंभर रेघा जायला हव्यात. इथे सेकंदाला तीनेक रेघा मागे जात होत्या. काकांचा कान आणि तबकडी यांचं एकमत झालं.

आता कारण. घरातल्यांना पहिला संशय विजेचा, कारण पावसात व्होल्टेज पडतंच. पण सिंक्रोनस मोटारीचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही, विजेच्या हर्ट्झवर ठरतो. व्होल्टेज पडलं तर मोटारीचा जोर कमी होईल, वेग तोच राहील. मोटारीच्या पुलीवर मार्करने ठिपका करून निऑनखाली पाहिला, तो स्थिर होता. म्हणजे मोटार बरोबर फिरते आणि प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) मागे पडतो. मधे आहे बेल्ट. बेल्ट नवा होता, ताणही ठीक होता. नवा बेल्ट घसरतोय याचा अर्थ प्लॅटरला कुणीतरी धरून ठेवतंय.

बेल्ट काढला आणि प्लॅटर हाताने फिरवून सोडला. चांगल्या बेअरिंगवरचा प्लॅटर असा सोडला की बराच वेळ आपल्या नादात फिरत राहतो. हा जेमतेम एक फेरा घेऊन थांबला. मग प्लॅटर उचलून स्पिंडल (प्लॅटर ज्यावर फिरतो तो मधला दांडा) दोन बोटांत धरून फिरवला. खरखर नव्हती, मधेच अडकणं नव्हतं, कुठल्या एका जागी जड लागणंही नव्हतं. सगळीकडून सारखा, मऊ घट्टपणा होता. वाळू, गंज किंवा सुकलेलं तेल असतं तर बोटांना कुठेतरी टोचलं असतं. इतका एकसारखा घट्टपणा म्हणजे भोकच लहान झालेलं.

आधीची दुरुस्ती

मूळ रचनेत पोलादी स्पिंडल ब्राँझच्या बुशमध्ये, म्हणजे मधे भोक असलेल्या नळकांड्यात, फिरत होता आणि तळाला छर्ऱ्यावर टेकत होता. काही वर्षांपूर्वी तेल सुकलं, खाऱ्या हवेने स्पिंडलवर गंजाचे बारीक ठिपके पडले आणि त्या खरबरीत स्पिंडलने ब्राँझ खाल्लं. गावातल्या एका लेथवाल्याने जुना बुश काढून नायलॉनचा घडवून दिला आणि तळाशी छर्ऱ्याखाली टेफ्लॉनची चकती बसवली. "ह्याला तेल लागत नाही" हे कारण, आणि ते खरंच आहे. काम अगदी सफाईदार होतं. बुश धातूच्या नळीत पक्का दाबून बसवलेला, आतलं माप स्पिंडलला नेमकं. या वर्कशॉपचं रोजचं काम मच्छीमार होड्यांचं असतं. तिथल्या रोलरांना आणि पुल्यांना नायलॉन उत्तम चालतं, कारण तिथे भोक आणि दांडा यांच्यात भरपूर खेळ असतो. टर्नटेबलमध्ये तसा खेळ ठेवता येत नाही. स्पिंडल डुगडुगला की ते डुगडुगणं सुईपर्यंत जातं. म्हणून माप नेमकं ठेवलं, आणि नेमकं माप ठेवलेलं नायलॉनच पावसात नडलं.

नायलॉन पाणी पितं. त्याच्या रेणूंच्या साखळीत पाण्याला धरून ठेवणारे गट असतात आणि हवेतल्या ओलाव्याचे रेणू तिथे जाऊन बसतात. बाजारात सर्रास मिळणारं नायलॉन-६ पाण्यात बुडवून ठेवलं तर वजनाच्या सुमारे नऊ टक्के पाणी शोषतं. नुसत्या दमट हवेतही कित्येक टक्के घेतं. दर एक टक्का पाण्यामागे त्याची लांबी-रुंदी साधारण ०.२ ते ०.२५ टक्क्यांनी वाढते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, कोरड्या महिन्यांत बरीच खाली. नायलॉनमधलं पाणी या दोन ऋतूंमध्ये अडीच-तीन टक्क्यांनी सहज हलतं.

कागदावर हिशोब मांडला. बुश बाहेरून १६ मिलिमीटर, आतून १०. प्रत्येक दिशेने ०.६ टक्के फुगला असं धरलं. मोकळा असता तर बाहेरचं आणि आतलं, दोन्ही मापं वाढली असती, म्हणजे भोक उलट थोडं मोठं झालं असतं. पण हा धातूच्या नळीत बंदिस्त आहे. बाहेर जागा नाही, त्यामुळे वाढलेला माल आत सरकतो. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर १० मिलिमीटरचं भोक ९.९ च्या आसपास येतं. एक दशांश मिलिमीटरची घट. आणि अशा बेअरिंगमध्ये खेळ असतो मिलिमीटरचे दोन-तीन शतांश! प्रत्यक्षात बुश थोडा दाबला जातो, लांबीतही वाढतो, म्हणून पूर्ण घट दिसत नाही. शिवाय मागच्या पावसाळ्यांत स्पिंडलने आतून घासून आपल्यापुरती जागा करून घेतली होती. प्लॅटर पूर्ण न अडकता नुसता मंदावत होता तो त्यामुळे. त्याच झिजेचा परिणाम उन्हाळ्यात उलटा दिसायचा. भोक मोकळं व्हायचं, आणि मे महिन्यात दोन गाण्यांमधल्या शांत जागी स्पीकरमधून बारीक घरघर यायची. काकांनी तीही सांगितली होती, पण वेगळी तक्रार म्हणून.

मृग लागल्या लागल्या बिघाड होत नाही आणि पाऊस गेल्या गेल्या बरं होत नाही, याचंही उत्तर यातच आहे. तीन मिलिमीटर जाडीच्या नायलॉनमध्ये ओलावा शिरायला आणि बाहेर पडायला नेहमीच्या तापमानाला कित्येक आठवडे लागतात. शिवाय इथे बाहेरची बाजू धातूने झाकलेली, म्हणजे आणखी उशीर. मधे दोन दिवस ऊन पडलं, यंत्र उन्हात ठेवलं, तरी फरक पडला नाही असं घरातले सांगत होते ते त्यामुळेच.

खात्रीसाठी बुश प्रेसवर दाबून बाहेर काढला. बाहेर आला आणि लगेच नळीच्या तोंडाशी परत लावून पाहिला, तर हाताने शिरेना. दडपण गेल्याबरोबर तो बाहेरून मोकळा फुगला होता. मग सोनाराकडच्या बारीक काट्यावर वजन केलं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवून दिला. काही आठवड्यांनी वजन केलं तेव्हा चार ग्रॅमच्या आसपासच्या त्या तुकड्याचा एक दशांश ग्रॅमहून अधिक भार उतरला होता. तेवढं पाणी त्यात होतं.

निसरडेपणा कुठे लागतो

जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत प्लास्टिक निवडताना सगळे एकच प्रश्न विचारतात: जास्त निसरडं कोणतं? टेफ्लॉन सर्वांत निसरडं, म्हणून टेफ्लॉन लावा. माझ्या मते किनाऱ्यावर हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न: पाणी किती पितं, आणि तो भाग बंदिस्त आहे की मोकळा?

छर्ऱ्याखालची चकती घ्या. प्लॅटरचा सगळा भार तिच्यावर येतो, म्हणून घर्षणाची काळजी तिथेच वाटते. पण छर्रा चकतीला टेकतो तो बरोबर मध्यावर, अगदी लहान जागेत. घर्षण असलं तरी त्याला प्लॅटर अडवायला अंतरच मिळत नाही. बुशमधलं घर्षण मात्र मध्यापासून पाच मिलिमीटरवर असतं, तिथे ते चांगलंच जाणवतं. तेव्हा चकतीला निसरडेपणापेक्षा कणखरपणा लागतो, आणि टेफ्लॉन त्यातच कमी पडतं. सततच्या दाबाखाली ते हळूहळू वाहत जातं, गरम न होताही. या यंत्रातल्या टेफ्लॉनच्या चकतीत छर्ऱ्याने वाटीसारखा खड्डा केला होता आणि प्लॅटर तेवढा खाली बसला होता. बेल्ट पुलीच्या कडेशी का घासत होता ते चकती हातात आल्यावर कळलं.

या जागी चांगलं बसतं ते अ‍ॅसिटल. बाजारात त्याला सरसकट डेलरिनच म्हणतात. ड्यूपाँ कंपनीने ते १९६० साली बाजारात आणलं. नायलॉन त्याच कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ साली बनवलं, टेफ्लॉनचा शोध रॉय प्लंकेट यांना तिथेच १९३८ साली लागला. साठच्या आधीच्या यंत्रात अ‍ॅसिटल सापडणार नाही, तिथे नायलॉन, फायबर किंवा धातूच असणार. अ‍ॅसिटल टेफ्लॉनइतकं निसरडं नाही, पण कडक आहे, दाबाखाली कमी वाहतं, आणि पाण्यात बुडवून ठेवलं तरी जेमतेम एक टक्क्यापर्यंत पाणी घेतं. टेफ्लॉन पाणी जवळजवळ घेतच नाही, पण त्याचं वाहणं आपण पाहिलंच.

अडचण अशी की दुकानात पांढरा नायलॉन रॉड आणि पांढरा अ‍ॅसिटल रॉड शेजारी शेजारी असतात आणि सुट्या तुकड्यांची सरमिसळ झालेली असते. काही जण जाळून वासावरून ओळखतात. ते करू नका, जळणाऱ्या अ‍ॅसिटलमधून फॉर्मल्डिहाइड निघतं, ते छातीला घातक आहे. सोपा उपाय मिठाचा. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालायचं. आपल्याकडे जाडं मीठ चालतं, पण पाणी गाळून घ्या. या पाण्याची घनता साधारण १.२ होते. नायलॉनची १.१४, म्हणून ते तरंगतं. अ‍ॅसिटलची १.४१, ते बुडतं. टेफ्लॉनही बुडतं, पण ते २.२ घनतेचं, हातातच जड लागतं आणि नखाने ओरखडतं. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून मगच सोडायचा, नाहीतर अ‍ॅसिटलही तरंगल्यासारखं वाटतं. आमच्या काढलेल्या बुशचा एक काप तरंगला. चकतीसाठी घेतलेला नवा रॉड तळाला गेला.

बुशच्या जागी मात्र अ‍ॅसिटलही घातलं नाही. त्याचं पाण्याचं फुगणं कमी असलं तरी तापमानाने प्लास्टिक पोलादाच्या कितीतरी पट फुगतं, आणि नेमक्या मापाच्या लांब भोकात ते पुन्हा नडू शकतं. मूळ रचना करणाऱ्यांनी ब्राँझ ठेवलं होतं ते विचारपूर्वक. भुकटी दाबून भाजलेल्या ब्राँझचे सच्छिद्र बुश पंख्यांच्या मोटारींत वापरतात, मोटार दुरुस्तीच्या दुकानात मिळतात, आणि त्यांच्या छिद्रांत तेल मुरलेलं राहतं. वर एक आणि खाली एक असे दोन बसवले. बाहेरचं माप जुळत नव्हतं, म्हणून त्याच लेथवाल्याकडून पितळेची बाही करून घेतली. त्यांना हिशोबाचा कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो नीट वाचला आणि बाही एका झटक्यात मापात काढली. असे सच्छिद्र बुश आतून रीमरने रुंद करू नयेत, छिद्रं बुजतात आणि तेल येईनासं होतं. स्पिंडलच्याच मापाची गुळगुळीत दांडी आत ठेवून ते दाबायचे. स्पिंडलवरचे गंजाचे ठिपके दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त बोथट केले. पूर्ण घालवायला गेलं तर माप जातं.

बेअरिंग जुळून आल्यावर आपोआप परतणारी यंत्रणाही उघडली, कारण काकांची आणखी एक तक्रार होती: थंडीतल्या सकाळी रेकॉर्ड संपली तरी टोनआर्म परत येत नाही. आत वास आला तेव्हाच कळलं. विचारलं तर काका म्हणाले, "मियाच घातलंय. घरात दुसरा तेल खंय होता?" खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, आणि जानेवारीत पहाटे वेंगुर्ल्यातही पारा त्याखाली जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसून काढलं. दाते असलेल्या प्लास्टिकच्या चाकांना त्याने अपाय होत नाही, पण वरच्या पारदर्शक झाकणाला ते लागू देऊ नका, अ‍ॅक्रिलिकला बारीक चिरा जातात. सरकणाऱ्या पोलादी पट्ट्यांना ग्रीसचा पुसटसा हात दिला. टोनआर्म परतायची सूचना देणारी हलकी खिट्टी मात्र पूर्ण कोरडी ठेवली. तिथे थेंबभर तेलानेही ती चिकटते.

या यंत्रणांत प्रत्येक प्लास्टिक निसरडं असायला हवं असंही नाही. ड्युअल कंपनीच्या त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत मुख्य तरफेवर एक इवलंसं मऊ टोपण असतं. त्याचं काम पकड घेऊन टोनआर्मला हलवण्याचं. वर्षांनुवर्षांनी त्याचा चुरा होतो आणि मग आर्म जागचा हलत नाही. तिथे कुणी कडक निसरडा तुकडा बसवला तर यंत्रणा फिरत राहते आणि आर्म जागीच राहतो. तिथे सिलिकॉनच्या किंवा रबराच्या बारीक नळीचा तुकडा लागतो. भाग काढताना तो सरकण्यासाठी आहे की धरण्यासाठी, हे आधी हाताने हलवून पाहावं.

पुढचा पावसाळा या बेअरिंगने पार पाडला. श्रावणात आणि पुन्हा चतुर्थीच्या दिवसांत स्ट्रोब लावून पाहिलं, रेघा उभ्या होत्या. बेल्ट काढून सोडलेला प्लॅटर आता बराच वेळ फिरत राहतो, आणि कोरड्या महिन्यांतली घरघरही गेली. ब्राँझला वर्षातून एकदा, पाऊस सुरू व्हायच्या आधी, दोन थेंब स्पिंडल ऑइल द्यायचं एवढं पथ्य आहे. काकांकडे छोटी बाटली ठेवून आलो आणि खोबरेलाची बाटली त्या खोलीतून हलवली.

एक काम राहिलं आहे. यंत्रणेतल्या मोठ्या दातेरी चाकाला मधल्या भोकापासून एक केसाएवढी चीर गेली आहे. धातूच्या पिनेवर घट्ट बसवलेल्या जुन्या प्लास्टिकच्या चाकांना असं होतं. सध्या ते फिरतं, पण जोर आला तर उमलेल. चाकाची मापं घेऊन ठेवली आहेत. अ‍ॅसिटलमध्ये दाते पाडून देणारा कारागीर मिळेपर्यंत शेवटचं गाणं संपलं की हातानेच सुई उचलायची, असं काकांशी ठरलं आहे.